खराब रस्ता

चंद्रप्पांनी जन्मभर लातूर-उदगीर एसटी चालवली. त्यांच्या गाडीत बसलं की बायकोला, गौरम्माला, हमखास मळमळायचं. "रस्ताच लई खराब हाय," चंद्रप्पा दरवेळी म्हणायचे.

रिटायर झाल्यावर नातीनं, तनुजानं, त्यांना टीव्हीवर बस चालवायचा गेम लावून दिला. आबा थाटात बसले, दोन वळणं झोकात घेतली अन् तिसऱ्याला डोकं धरून सोफ्यावर आडवे झाले.

"पोटात ढवळायलंय गं! कसला रस्ता दिलास हा?"

"आबा, काचेवानी गुळगुळीत रस्ता हाय की!"

गौरम्मानं लिंबू कापून नवऱ्याच्या नाकाशी धरलं.

"हुंगा. उदगीरचा रस्ता बिचारा इतकी वर्षं फुकटच बदनाम झाला."