न भरणारा खड्डा

कुणाला पटायचं नाही, पण आमच्या संडासाचा खड्डा आजवर एकदाही भरला नाही. वस्तीतले बाकीचे पावसाळ्याआधी नाक दाबून आपापले खड्डे उपसतात. आमचं घर माणसांनी भरलेलं, तरी खड्डा आपला उपाशीच! तळाला वारूळ लागलंय आणि त्यातला नाग सगळं गिळतो, असं मी द्वारकावहिनींच्या विहिरीवर रंगवून सांगत होतो. पाणी भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची सून पोटुशी, आणि काविळीनं दवाखान्यात पडलेली. या विहिरीत कुणाच्या तरी संडासाची घाण झिरपतेय, असं नर्सबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या.

"भाऊजी, तुमचा खड्डा खोल किती?"

"कमरेएवढा! खाली पाण्याला जाऊन भिडेल इतका खणायला मी काय येडा आहे? शेजारधर्म कळतो मला, वहिनी. नागाची शप्पथ!"

बाया पुन्हा हसल्या. वहिनींनी हातातली भरलेली कळशी तिथंच ओतून टाकली.

"मग कमरेएवढ्या खड्ड्यात उतरायला आमच्या विहिरीची शिडी कशाला नेलीत? भर उन्हाळ्यात परत आणलीत, तेव्हा खालच्या पायऱ्यांवरून चिखलाचं पाणी गळत होतं. मीच धुतली ती, ह्या हातांनी. खोटं बोलताय तुम्ही, भाऊजी."