दोन जुड्या कोथिंबीर

अण्णांच्या जबड्यात कृत्रिम हाडाची पूड भरून त्यावर बसवलेला नवा दात चांगला पक्का झाला होता. नारायणगुड्याच्या मंडईतून त्यांनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्या आणि लॅबला निघालेल्या लेकीच्या, अपर्णाच्या पिशवीत कोंबल्या.

“माझ्या दाताखालची पूड आधी लॅबमधल्या तुझ्या सशांच्या हाडात भरली होतीस ना? त्यांना घाल. म्हणावं, अण्णांनी दिलीय.”

“अण्णा, तिथे बाहेरचं खाणं चालत नाही.”

“हौ, माहितीय. एक दिवस चालतं. बरे आहेत ना सगळे?”

“सगळ्यांचं हाड छान भरून आलं,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण हाड भरलं की नाही, हे बघायला ते कापून काढावं लागतं आणि त्याआधी ससा मारावा लागतो, एवढं तिने सांगितलं नाही.

जुड्या टाकून द्यायला तिचा हात धजेना; तिने त्या तशाच घरी परत आणल्या.

संध्याकाळी ताटात कोथिंबिरीच्या वड्या बघून अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. अण्णांनी वडी तोंडात घातली आणि नव्या दाताची बाजू सोडून, दुसऱ्या बाजूने सावकाश चावत राहिले.