हाती न लागणारा गडी

धर्मपाल याही चढाईत कुणाच्या हाती न लागता परत आला आणि डोमाजीचा संशय आणखी वाढला. अकोल्याच्या मैदानावर टाळ्या पडत होत्या. कबड्डीचा शेवटचा सामना होता, समोर अमरावतीची शाळा होती, आणि धर्मपालच्या, तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेची पोरं पुढं होती. दुसऱ्या बापाची छाती फुगली असती. डोमाजीनं फक्त टोपी सारखी केली.

"याच्यात काहीतरी काळंबेरं हाये," तो पुटपुटला.

त्याचा स्वभावच तसा होता. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पिणार. डोमाजी गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यानं बुद्धाचा धर्म घेतला आणि आल्यावर शाळेत पोराचं नाव धर्माचं धर्मपाल करून घेतलं. गाव मात्र होतं तिथंच होतं. विहीर तीच, आणि तिच्यापासून लांब उभं राहणंही तेच.

अशा गावात शाळेचे ड्रिल मास्तर खुशालराव एका संध्याकाळी स्वतः चालत त्याच्या दारी आले. बाजेवर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "डोमाजी, तुमचं पोरगं कबड्डीत पाह्यजे मले." पाटलाच्या भाऊबंदांतला माणूस आपल्या कपातून चहा पितो म्हटल्यावर, ते गेले तशा डोमाजीनं आधी शेळ्या मोजल्या. त्या पुऱ्या होत्या. मग तर त्याला झोपच येईना.

"तुमाले तं दुधातबी चुनाच दिसते," त्याची बायको चतुराबाई म्हणाली. "पोराले बनियान भेटली, चड्डी भेटली. आनखी काय पाह्यजे?"

डोमाजीनं ती बनियान उलटी करून पाहिली. शिवण चांगली होती.

त्यानंतर शाळा जिंकतच गेली. पातूरला जिंकली, अकोटला जिंकली. धर्मपाल चढाईला गेला की समोरची पोरं मागं मागं सरायची, काही तर घाबरून रेघेबाहेर पडायची. त्याला धरायला कुणी धजायचं नाही. गावानं खुशालरावांना हार घातला. मास्तरांनी जातिभेद मैदानात गाडला, असं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं. सगळ्यांत मागं उभा राहून डोमाजीनं ते ऐकलं. गाडलेली वस्तू उकरून काढता येते, एवढंच त्याच्या मनात आलं.

आज जिंकले तर धर्मपालची वऱ्हाडच्या संघात निवड होणार होती. पोरगं त्यासाठी जीव टाकत होतं. म्हणूनच डोमाजीला धास्ती होती. मास्तरांनी पोराच्या अंगाला तेल तर चोपडलं नसेल? ते उघडं पडलं तर नाव कुणाचं खराब होईल, हे काय सांगायला पाहिजे? मध्यांतराची शिट्टी झाली तसा तो पोराजवळ गेला आणि पाठ थोपटल्यासारखं करत त्यानं हात फिरवून पाहिला. पाठ घामेजली होती, मातीनं खरबरीत झाली होती. तेलाचा थेंब नव्हता.

डोमाजी गोंधळला. तो कनातीच्या मागं सावलीला गेला, तर पलीकडून बोलणं कानावर आलं.

"खुशालराव, पोरगं लई चपळ काढलं तुमी," अमरावतीचे मास्तर म्हणत होते.

खुशालराव हसले. "चपळ कायचं? चारचौघांसारखंच हाये. पन त्याले धरन कोन? तुमच्या पोरायले घरी जाऊन आंघोळ कराव लागते."

दोघंही हसले.

डोमाजी तिथंच उभा राहिला. जन्मभर संशय घेतला आणि आज तो खरा ठरला, पण त्याचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही. कारण इतक्या सगळ्या संशयाखाली त्यानं एक अभिमान लपवून ठेवला होता. आपलं पोरगं वाऱ्यासारखं पळतं, कुणाच्या बापाला सापडत नाही. तेवढंही मास्तरांनी चहासोबत पिऊन टाकलं होतं.

तो तरातरा मैदानाकडं आला.

"कपडे घाल. घरी चाल."

"काहून?" धर्मपाल म्हणाला. "खेळ आर्धा बाकी हाये."

सांगावं तर पोरगं मोडेल. न सांगावं तर ते असंच वापरलं जाईल, आणि टाळ्या ऐकून खूश होईल. हे दुसरं त्याला सोसवेना.

"ते तुले धरत नाहीत," तो हळूच म्हणाला, "ते तू चपळ हायेस म्हनून नाही."

बोलला आणि त्यानं मान खाली घातली. पोराच्या तोंडाकडं पाहायची त्याची हिंमत नव्हती.

"मले माहीत हाये, बाबा. पह्यल्याच सामन्यात समजलं."

डोमाजीनं वर पाहिलं. पोराचा चेहरा शांत होता.

"मंग काहून खेळून राहिला?"

शिट्टी झाली. पहिली चढाई धर्मपालचीच होती. समोरची सातही पोरं आत्तापासूनच मागच्या रेघेकडं सरकायला लागली होती. त्यानं तळव्यांना माती चोळली.

"ते मले धरत नाहीत, ते त्यायची मर्जी," तो म्हणाला. "मी तं एकेकाले हात लावूनच वापस येतो."