जिभेखालची गोळी

"तोंड उघडा."

त्यानं उघडलं.

"जीभ वर."

जिभेखाली काही नव्हतं. तिनं गालात बोट फिरवलं. सापडली, अर्धी विरघळलेली. ती तिनं परत जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला ओठांना लावला आणि घोट उतरेपर्यंत त्याच्या गळ्यावरची नजर हटवली नाही.

"पोलिसात का नाही गेलीस तू?"

"चोराशी लग्न होतंय हे कुणी सांगितलं असतं, तर गेलेही असते."

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा कारखाना. तिथल्या भट्टीपुढे त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मग पोटात कळा येऊ लागल्या. मग एका सकाळी मनगट लुळं पडलं, शर्टाचं बटण लागेना. रक्तात शिसं निघालं. भट्टीवरून काढून त्याला पॅकिंगच्या खोलीत बसवलं, खिडकीपाशी, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

कारखान्याच्या डॉक्टरांनी क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "शिशानं शरीर आतून गंजतं. या त्या गंजाला थोडा आवर घालतात, शिसं उतरायलाही मदत करतात. जादू नाही, पण चुकवू नका."

तो चुकवत होता.

कुंडीत एक. उशीच्या अभ्र्यात दोन. न्हाणीच्या जाळीत अडकलेली, फुगलेली, आणखी एक.

ती खूप बोलली. धगधगत्या भट्टीपुढे कधी न डगमगलेला माणूस, आणि एवढ्याशा गोळीला तोंड चुकवतो? लहान मुलं बरी. तो ऐकून घ्यायचा. तेव्हापासून हा पहारा. रोज. जीभ वर, गाल, पाणी, गळा.

एकदा तिनं पाहिलं, तो आरशासमोर उभा होता आणि बटण लावत होता. स्वतःच. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी पुसत बसली.

त्याच आठवड्यात मुकादम घरी आला. भट्टीचं काम तो याच्याच हाताखाली शिकलेला. मुकादम झाला तरी 'उस्ताद'च म्हणायचा.

"वहिनी, जिंकलात तुम्ही. उस्तादांच्या रक्तातलं शिसं पार खाली आलंय."

तिला हसू आवरेना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"सोमवारपासून परत भट्टीवर," मुकादम म्हणाला.

"परत?"

"नियमच आहे, वहिनी. शिसं चढलं की बाजूला बसवायचं, उतरलं की उभं करायचं. उस्तादांना ठाऊक आहे की."

मुकादमासाठी आणलेला पाण्याचा पेला तिच्या हातात तसाच राहिला.

"ठाऊक होतं? मग मला बोलला का नाहीत?"

त्यानं आधी मुकादमाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय बोलणार? मला त्या भट्टीची भीती वाटते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."