जोडीचा पार्ट

गॅरेजवाल्याचा नियम साधा होता. एका चाकाचे ब्रेक पॅड झिजले की दुसऱ्याचेही बदलायचे, मग ते कितीही चांगले असोत. "जोडीचा पार्ट आज ना उद्या दगा देतोच," असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकायचं.

बायकोच्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही त्याने तेच सांगितलं. "उजवाही काढून टाका. जिवाला घोर नको."

"अहो, उजवा ठणठणीत आहे. भीती आहे ती डाव्यातला आजार आधीच कुठे पसरला असेल त्याची. उजवा काढून ती टळत नाही."

बायको म्हणाली, "यांच्या हाताखालून गेलेली गाडी कधी परत आली नाही, बाई. काढा दोन्ही."

दोन्ही काढले. वर्षभर दोघं निवांत झोपली. मग तिची पाठ धरली. तपासणीत कळलं, डावीकडचा जुनाच आजार मणक्यात उतरला होता.

दवाखान्याच्या बाकावर तो खाली मान घालून बसला. तिने त्याचा ग्रीसने काळवंडलेला हात हातात घेतला.



"अहो, मणक्याच्या जोडीला काय असतं? तेही काढून टाकू की."