दोन हिसके

"पाठीतून नाय घालायचा गळ," बुधाजी म्हणाला. "शेपटीच्या वर नुसता अडकवायचा. कोळंबी जिती राहिली पाहिजे. मेलेलीकडे जिताडा ढुंकून बघत नाय."

अनुजा बघत होती, पण तिचं लक्ष कोळंबीत नव्हतं. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या या पडक्या धक्क्यावर ती लागोपाठ तिसऱ्या रविवारी आली होती. पहिल्या वेळी वडिलांची मासे गरवायची पिशवी बुधाजीकाकांना द्यायला. दुसऱ्या वेळी नुसतीच. विचारायचं ते दोन्ही वेळा ओठांवर येऊन राहिलं होतं. आजही ती तासाभरात चारदा उठली, चारदा बसली.

"पाय शिवशिवतायत काय गो तुझे? भरतीला अजून वेळ आहे." बुधाजीने पलीकडच्या खडकाकडे हनुवटी उडवली. तिथे काळे चष्मे लावलेले दोघे महागडे रॉड परजत उभे होते. "त्यांचा मासा प्लास्टिकचा. म्हणून त्यांच्या हाती लागतो तो पण फक्त व्हिडिओ."

एरवी ती हसली असती.

कुशाबा, म्हणजे तिचे वडील, आणि बुधाजी. लालबागची एक चाळ, एक गिरणी, आणि गिरणी बंद पडल्यावर चाळीस वर्षं हा एक धक्का. जिताडा धक्क्याच्या खांबांमध्ये राहतो. खांबांना कालवं चिकटलेली, सुरीसारखी. त्यांच्यावर घासला की गळाचा दोरा, तंगूस, तुटलाच. म्हणून दोघांनी आपली रीत काढली होती. कुशाबा टोकाला पालथा पडून तंगूस बोटावर धरायचा आणि खालची चाहूल घ्यायचा. बुधाजी वीस पावलं मागे त्याच तंगुसाचं दुसरं टोक सांभाळायचा. सोडायचं की ओढायचं, ते मागच्याच्या हातात. बोलायचं नाही, आवाजाने जिताडा बिथरतो. काय करायचं ते कुशाबा तंगुसाला हिसके देऊन कळवायचा.

एवढं अनुजाला लहानपणापासून ठाऊक होतं. आई म्हणायची, "एवढा दोरीवरून संसार केला असतात तर घरात तरी काही ऐकू आलं असतं." कुठल्या हिसक्याचा अर्थ काय, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. पुस्तकांतून डोकं वर काढून विचारावं असं ते तिला कधी वाटलंच नाही.

"काका, दोन हिसके म्हणजे काय?"

बुधाजी गळाची गाठ मारत होता. त्याने मान वर केली नाही. "कशाला पाहिजे तुला?"

मग तिने सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वी, परळच्या इस्पितळात. बाबांची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले, श्वासाची नळी घालू, कदाचित उपयोग होईल. कदाचित नुसते हाल होतील. ठरवा. तिने बाबांच्या कानाशी वाकून विचारलं. त्यांनी डाव्या हाताने तिचं बोट धरलं. घट्ट. आणि दोन हिसके दिले.

"चुकून हललेला हात नव्हता तो, काका. मला काहीतरी सांगत होते."

"आणि तू काय केलंस?"

"मला वाटलं, सोड म्हणतायत." तिचा आवाज सपाट होता. "डॉक्टरांना मी नको म्हणाले. सकाळी बाबा गेले."

बुधाजीने गाठ थुंकीने ओली केली. दातांत धरून आवळली. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. कोळंबी डब्यात उडत राहिली.

"एक म्हणजे थांब," तो शेवटी म्हणाला. "मासा नुसता टोचतोय, थांब. आणि दोन म्हणजे सोड. ढील दे. बरोबर केलंस तू, बाय."

अनुजा खाली बसली. यावेळी उठली नाही. गेले पाच आठवडे एका जागी न ठरलेलं तिच्या आतलं काहीतरी ठरलं. तिला समोरचं पाणी दिसलं, चिखलात चोचा घालणारे पक्षी दिसले. भूक लागली आहे, हेही जाणवलं.

"आलीच आहेस तर धर," बुधाजी म्हणाला आणि तंगुसाचं टोक त्याने तिच्या हाती दिलं. "मागे जाऊन उभी राहा. माझ्या जागेवर." तो स्वतः गुडघे धरत टोकापर्यंत गेला आणि कुशाबासारखा पालथा पडला.

भरती चढू लागली. खांबांमध्ये पाणी डुबडुबलं. अनुजाने तंगूस बोटाला गुंडाळून मूठ आवळली. वीस पावलांवर बुधाजीची पाठ तेवढी दिसत होती. एवढ्या बारीक दोऱ्यातून दोन माणसं चाळीस वर्षं बोलत होती, याचं तिला नवल वाटलं.

बोटाला एक हिसका बसला. ती थांबली.

बुधाजीची पाठ ताठ झाली. तो पाण्यावर इतका वाकला, की त्याला आता पाण्याखेरीज काही आठवत नसावं.

मग दोन हिसके आले. लागोपाठ, ठाम. इस्पितळातल्यासारखे. तिचे डोळे भरून आले. तिने बोटाचा वेढा काढला आणि मूठ उघडली. तंगूस तळहातावरून सरसरत पाण्याकडे निघाला.

"अगो, सोडतेस काय!" बुधाजी टोकावरून जिवाच्या आकांताने ओरडला. "दोन दिले ना मी! खेच, खेच!"