डावीकडे वळा हं

"आवाज माणसासारखा वाटला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," गाडी सुरू करत केळुसकर सर म्हणाले. रस्ता सांगणाऱ्या आमच्या अ‍ॅपला मी माझ्या मावशीच्या बोलण्यातले चढउतार शिकवले होते.

"डावीकडे वळा हं," फोन लाडानं म्हणाला. सर मुद्दाम सरळ गेले.

"अहो, डावीकडे!" सर तरीही सरळच.

"बरं. जा तुम्हाला हवं तिकडे."

मग फोन गप्प. गाव संपलं, उसाची शेतं लागली.

"बंद पडलं का रे?"

"नाही सर. मावशी रुसलीय."

सरांनी गाडी कडेला घेतली, आजूबाजूला पाहिलं आणि फोनपुढे वाकून म्हणाले, "चुकलो, मावशी."

फोननं उसासा टाकला. "असू दे. वळवा आता गाडी."

सरांनी निमूट गाडी वळवली. "तू उद्या ये," ते माझ्या कानात कुजबुजले.